चोखणी, लाळ आणि लाल झालेले ओठ

आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५०६ साली काढलेले मेरी आणि बाळ येशू यांचे एक चित्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे. बाळाच्या एका हातावर चिमुकला पक्षी बसला आहे आणि दुसऱ्या हातात कापडाची गाठ मारलेली पुरचुंडी आहे. ही त्या काळची चोखणी. चिंधीत पाव, साखर किंवा खसखस बांधायची, ओली करायची आणि बाळाच्या तोंडात द्यायची. मूल फारच रडले तर ती ब्रँडीत बुडवण्याचीही रीत होती.

याला हसण्याचे आपल्याला कारण नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची 'बाळागोळी' देत. मूल शांत राहिले पाहिजे ही गरज दोन्हीकडे सारखीच होती, आणि तिची किंमत मुलानेच मोजली.

रबराची चोखणी आली ती रसायनशास्त्रातील एका शोधामुळे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत ठिसूळ. चार्ल्स गुडइयर याला १८३९ साली आढळले, की गंधक मिसळून तापवल्यास हा दोष जातो. गंधकाचे अणू रबराच्या लांब साखळ्यांना मध्ये मध्ये जोडून टाकतात. त्यानंतर लवकरच, १८४५ साली, न्यू यॉर्कच्या एलायजा प्रॅटने दुधाच्या बाटलीसाठी रबरी बोंडाचे पेटंट घेतले. आजच्या चोखणीचा आकार मात्र १९०० सालचा. न्यू यॉर्कमधील ख्रिश्चन माइनेके या औषधविक्रेत्याने बोंड, त्यामागे चकती आणि धरायला कडी अशा रचनेचे पेटंट घेतले.

डॉक्टर मंडळी तिच्यावर नाराज होती. न्यूझीलंडचे ट्रूबी किंग यांनी चोखणीविरुद्ध मोठी मोहीमच चालवली. जमिनीवर पडलेली चोखणी पुसून पुन्हा तोंडात देणे घातक होते, यात शंका नाही. पण त्या टीकेत स्वच्छतेइतकाच शिस्तीचाही भाग होता, आणि तो मला कमी पटतो. चोखणे हा काही दुर्गुण नव्हे. गर्भातील मूलसुद्धा अंगठा चोखते.

पुढे प्रत्येक वेळी एखादा धोका दिसला आणि वस्तू सुधारली. चकती घशात जाऊ नये, गेलीच तर श्वास चालू राहावा, म्हणून अमेरिकेत १९७८ साली लागू झालेल्या नियमांनी तिला किमान दोन भोके सक्तीची केली आणि गळ्यात अडकवण्याच्या दोरीला बंदी केली. रबरात नायट्रोसमाइन ही कर्कजनक द्रव्ये सापडली, तेव्हा युरोपीय समुदायाने १९९३ साली त्यांवर मर्यादा घातली. सिलिकोनमध्ये ही अडचण नाही.

हे सारे झाले तरी एक साधी तक्रार उरतेच. चोखणी घेणाऱ्या मुलाचे ओठ फुटतात आणि तोंडाभोवती लाल वर्तुळ उमटते. पुष्कळदा पालक चोखणीच्या प्लॅस्टिकला दोष देऊन दुसरी आणतात. बहुतेक वेळा दोष लाळेचा असतो. लाळ चकतीमागे साचते. कातडी भिजून फुगते, मग वाळते, पुन्हा भिजते. या फेऱ्यांत त्वचेच्या वरच्या थरातील स्निग्ध बांधणी सैल होते, आतले पाणी उडून जाते आणि लाळेतील पाचक द्रव्ये आत झोंबू लागतात. ओठ कोरडे वाटतात म्हणून मूल ते चाटते, आणि त्रास वाढतो.

यावरचा उपाय रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने १८७२ साली पेटंट घेतलेल्या पदार्थात आहे. पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्यांना चिकटणारा मेणचट गाळ कामगार भाजलेल्या जागी लावतात, हे त्याने पाहिले होते. तो शुद्ध करून त्याने व्हॅसलीन बनवले. ते त्वचेला काही पुरवत नाही. नुसता पाणी न सोडणारा पडदा धरते. लाळ बाहेर राहते, ओल आत राहते. साध्या पाण्याने तोंड पुसावे, न घासता टिपून कोरडे करावे आणि झोपण्यापूर्वी पातळ थर लावावा. साबण नको. पिवळी खपली धरली, पू दिसला किंवा तोंडात पांढरे चट्टे आले, तर मात्र डॉक्टरांकडेच जावे.

मधाबद्दल एक सूचना द्यायलाच हवी, कारण चोखणी मधात बुडवून देण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजे असू शकतात आणि एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ती रुजतात. २०१८ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात मध भरलेल्या चोखण्यांमुळे चार बाळांना रुग्णालयात ठेवावे लागले.

मग चोखणी बंदच करावी काय? स्तनपानाचा जम बसेपर्यंत ती देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. पण झोपेत चोखणी घेणाऱ्या बाळांत अचानक मृत्यूचे प्रमाण कमी आढळल्याने, अमेरिकन बालरोग अकादमीने २००५ साली झोपताना ती देण्याची शिफारस केली. उलट, तीन वर्षांनंतरही सवय राहिली तर पुढच्या दातांत फट पडते आणि जबडा अरुंद होऊ शकतो. प्रश्न चोखणीचा नाही, तासांचा आहे. फिनलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालआरोग्य केंद्रांतील पालकांना एवढेच सांगितले होते, की सहा महिन्यांनंतर चोखणी फक्त झोप लागताना द्या. त्यांच्या मुलांत कानाच्या मध्यभागाचा तीव्र दाह २९ टक्क्यांनी कमी झाला. आणि तास कमी झाले की चकतीमागे लाळ साचण्याचा वेळही आपोआप घटतो.

सवय मोडण्यासाठी युरोपात मुलांच्या अंगठ्याला कोरफडीचा वाळवलेला कडू रस लावत. दूध तोडताना आपल्याकडेही कडू लावतातच. फुटलेल्या ओठांवर हे झोंबते आणि मूल घाबरते. आधी दिवसाची चोखणी बंद करावी, मग दुपारच्या झोपेची, शेवटी रात्रीची. आणि ज्या आठवड्यात घरात नवे बाळ आले असेल किंवा बालवाडी सुरू झाली असेल, तो आठवडा सोडून द्यावा. कोपनहेगनजवळच्या फ्रेडरिक्सबर्ग बागेत एक झाड आहे. चोखणी सोडणारी मुले स्वतःच्या हाताने ती त्या झाडाला बांधतात, काही जण सोबत चिठ्ठीही लावतात. पुढच्या वेळी बागेत आले, की आपली चोखणी कोणती ते शोधून पाहतात.