सुझुकात उजेड संपत असताना

५ ऑक्टोबर २०१४, रविवार, सकाळ
फॅनफोन चक्रीवादळ जपानकडे सरकतंय आणि सुझुकाचा ट्रॅक चिंब भिजलाय. फॉर्म्युला वनची शर्यत दुपारी तीनला, सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास. इतक्या ढगांत उजेड त्याच्या बराच आधी जाणार, तरी वेळ तीच राहिली. त्या दिवसाचा विचार करताना मी दरवेळी इथेच अडतो.

दुपारी २.३०
मारुसिया संघाची १७ क्रमांकाची गाडी रांगेत मागे आहे. चालक ज्यूल बियांकी, नीसचा, वय २५. फेरारीच्या चालक अकादमीने सर्वांत आधी निवडलेला मुलगा. आजोबांचे भाऊ ल्युसियाँ १९६८ साली ल मान्सची शर्यत जिंकले आणि पुढच्याच वर्षी तिथेच सरावात गेले. याच वर्षीच्या मे महिन्यात ज्यूलने मोनॅकोत कमाल केली होती: कायम तळाला असणारी गाडी, वर पाच सेकंदांची शिक्षा, तरी नववा! मारुसियाच्या इतिहासातले पहिले दोन गुण. अशा गाडीतून गुण काढणारा माणूस चांगल्या गाडीत काय करेल, हे सगळ्यांना पाहायचं होतं.

३.००
सगळ्यांचा वेग आवरणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे सुरुवात. दोन फेऱ्यांत लाल झेंडा, शर्यत थांबली. वीसेक मिनिटांनी पुन्हा सुरू.

४.३० नंतर
पाऊस परत वाढला. अंधारून आलं.

फेरी ४२
डनलॉप वळणावर पाण्याचे ओघळ ट्रॅकवर आलेत. एड्रियन सुटीलची सॉबर तिथे घसरून बाहेर जाते. दोन पिवळे झेंडे हलतात: वेग कमी करा, थांबायची तयारी ठेवा. गाडी उचलायला साडेसहा टनांचा ट्रॅक्टर ट्रॅकबाहेर उतरतो. सेफ्टी कार येत नाही.

फेरी ४३
तीच जागा, तेच पाणी. बियांकी ताशी २१३ किलोमीटरने ट्रॅक सोडतो आणि १२६च्या वेगाने ट्रॅक्टरच्या मागच्या भागाखाली घुसतो.

त्याने वेग पुरेसा कमी केला नव्हता, असं अपघाताच्या चौकशीत निघालं. मला ते मान्य आहे. पण शर्यत सूर्यास्ताच्या किमान चार तास आधी सुरू व्हावी, ही शिफारसही त्याच चौकशीची. गाड्या धावत असताना त्या वळणाशी ट्रॅक्टर उभा करणं मला आजही मान्य नाही.

संध्याकाळ
शर्यत थांबवली जाते. रुग्णवाहिका बियांकीला घेऊन रस्त्याने योक्काइचीच्या रुग्णालयाकडे निघते. विजेत्यांच्या मंचावर शॅम्पेन उडत नाही. निकाल ४४व्या फेरीचा धरतात. त्यात बियांकी विसावा.

तो शुद्धीवर आलाच नाही. १७ जुलै २०१५ला नीसमध्ये, आपल्याच गावी, गेला.