थॅडियस स्टीव्हन्स : वकील आणि लोकप्रतिनिधी

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले, ते अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना. त्यांपैकी लिंकन सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस बोलावयाचे आहे ते थॅडियस स्टीव्हन्सविषयी.

१७९२ साली व्हरमाँट प्रांतात तो जन्मला. पाय जन्मतःच वाकडा. जोडे शिवणारा बाप घर सोडून गेला आणि आईने कष्ट करून त्याला शिकविले. पुढे पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग गावी त्याने वकिली थाटली.

१८२१ साली चॅरिटी बटलर नावाच्या काळ्या स्त्रीचा खटला निघाला. मालकाने पेनसिल्व्हेनियात सहा महिने ठेवलेला गुलाम मुक्त होई, असा तेथला कायदा. तिचे सहा महिने तुकड्यातुकड्यांनी भरत होते, सलग नव्हते. स्टीव्हन्सने एवढाच मुद्दा धरला आणि खटला जिंकला. पण वकीलपत्र त्याने मालकाचे घेतले होते! ती स्त्री मुलांसह गुलामीत राहिली. कलम बिनचूक आणि निकाल उलट्या काळजाचा, हे आम्हां कामगारांस नवे नाही. पुढे हाच मनुष्य पळून आलेल्या गुलामांची वकिली फी न घेता करू लागला.

१८३३ साली तो प्रांताच्या विधिमंडळात गेला. मोफत शाळांचा कायदा करवाढीच्या भीतीने रद्द होऊ घातला होता. त्याचे स्वतःचे मतदारही रद्द करण्याच्याच बाजूचे. तरी १८३५ साली त्याने भाषण करून तो वाचविला. पुढे प्रांताच्या नव्या घटनेत मताचा हक्क गोऱ्यांपुरताच ठेवला गेला, तेव्हा तिच्यावर सही करण्याचे त्याने नाकारले.

यादवी युद्धाच्या काळात तो काँग्रेसच्या अर्थसमितीचा अध्यक्ष होता. तो स्वतः लोखंडाचा कारखानदारही होता. १८६३ साली दक्षिणेच्या फौजेने त्याचा कारखाना जाळला.

परंतु आमच्या मते त्याची खरी थोरवी १८६५ च्या लँकेस्टरच्या भाषणात आहे. बंडखोर जमीनदारांची जमीन जप्त करावी, मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषास चाळीस एकर द्यावी, असे त्याने सांगितले. हिशेबही मांडला : जप्तीतून ३९ कोटी ४० लक्ष एकर मिळतील, दहा लक्ष माणसांना लागतील अवघे ४ कोटी. उरलेल्या जमिनीच्या विक्रीतून युद्धाचे कर्ज फिटेल. बेडी तुटली तरी पोट मालकाच्याच शेतावर बांधलेले राहिले, तर मत तरी कोणाच्या सांगण्यावरून पडणार?

१८६६ साली काँग्रेसने समान संरक्षणाची चौदावी घटनादुरुस्ती संमत केली, तीत त्याचा मोठा वाटा होता. जमिनीचे विधेयक मात्र १८६७ साली मांडूनही पडून राहिले. त्याच्याच पक्षातील पुष्कळांस मालमत्तेला हात लागलेला नको होता. मग मुक्त झालेले लाखो लोक जुन्याच मालकांच्या जमिनी वाट्याने कसू लागले आणि दरसाल कर्जात बुडू लागले.

११ ऑगस्ट १८६८ रोजी स्टीव्हन्स वारला. लँकेस्टरच्या मोठ्या दफनभूमींत काळ्यांना मज्जाव होता. म्हणून तसा नियम नसलेल्या एका लहानशा दफनभूमीत, त्याच्याच इच्छेप्रमाणे, त्याला पुरण्यात आले.