ब्रायटनचे मर्दनगृह

पाटण्यात 1759 साली जन्मलेले शेख दीन महंमद लंडनला आले, तेव्हा बेझिल कॉक्रेन या धनिकाच्या बाष्पस्नानगृहात नोकरी करताना त्यांनी तेथील उपचाराला हिंदुस्थानी चंपीची, म्हणजे अंग रगडून चोळण्याच्या मर्दनाची, जोड दिली. परंतु कारागिरी एकाची आणि नाव दुसऱ्याचे, ही पगारी मर्दनकाराची जुनीच अडचण त्यांच्याही वाट्याला आली. मध्यंतरी काढलेले खाद्यगृह बुडाल्यावर ते 1814 च्या सुमारास ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी गेले आणि तेथे त्यांनी पत्नी जेन यांच्यासह स्वतःचे स्नानगृह उभारले, ज्यात स्त्रियांची व्यवस्था जेन पाहत. औषधी वनस्पतींच्या वाफेने भरलेल्या फ्लॅनेलच्या तंबूत रुग्ण बसे आणि तंबूलाच शिवलेल्या बाह्यांतून हात आत घालून मर्दनकार त्याचे अंग चोळी.

परक्या माणसाच्या हाती शरीर सोपवण्याचा संकोच घालवण्यासाठी त्यांनी बऱ्या झालेल्या रुग्णांचे अभिप्राय नोंदवह्यांत लिहून घेतले, त्या रुग्णांनी मागे ठेवलेल्या कुबड्या दर्शनी मांडल्या आणि 1822 मध्ये रुग्णांच्या हकिकतींचे पुस्तकच छापले. खरे कौशल्य येथेच दिसते, कारण राजे चौथे जॉर्ज यांच्या सेवेचा मान मिळाला, तरी गिऱ्हाइकाचा विश्वास पूर्वीच्या गिऱ्हाइकाच्या शब्दावरच बसतो, हे त्यांनी पुरते ओळखले होते. इमारत मात्र त्यांच्या मालकीची नव्हती, आणि भांडवल पुरवणाऱ्या भागीदाराच्या मृत्यूनंतर ती लिलावात गेली.