विवाहसोहळ्यातील जिवंत फुलपाखरे : एक नैतिक प्रश्न

अमेरिकेत विवाहविधी आटोपल्यावर नवदांपत्यावर तांदूळ उधळण्याची जुनी प्रथा आहे. हे तांदूळ खाऊन पक्षी दगावतात, असा समज तेथे पसरला आणि अन्य पर्यायांचा शोध सुरू झाला. समज निराधार होता. भाताच्या शेतांत पाखरांचे थवे उतरताना पाहणाऱ्या, अक्षतांच्या देशातील वाचकास तो काहीसा विचित्रच वाटेल. तथापि जे पर्याय पुढे आले, त्यांत जिवंत फुलपाखरे आकाशात सोडण्याची पद्धत १९९० च्या दशकात विशेष लोकप्रिय झाली. फुलपाखराच्या कानी सांगितलेली इच्छा ते स्वर्गापर्यंत पोहोचवते, अशी आख्यायिका विक्रेते सोबत देतात. त्यामुळे अंत्यविधीच्या प्रसंगीही ही पद्धत रूढ झाली आहे.

या कामी मुख्यतः मोनार्क व पेंटेड लेडी या दोन जाती वापरल्या जातात. पेंटेड लेडी भारतातही आढळते. मोनार्क हे आपल्याकडील प्लेन टायगर या फुलपाखराचे जवळचे नातलग असून त्याचे सुरवंट रुईच्या कुळातील मिल्कवीड या वनस्पतीवरच वाढतात. व्यावसायिक पैदास केंद्रांत वाढविलेली फुलपाखरे पंख मिटवून कागदी पाकिटात ठेवली जातात आणि थंडावा देणाऱ्या पिशव्यांसह कुरियरने रातोरात रवाना होतात. फुलपाखराच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर अवलंबून असल्याने गारव्यात ते निश्चल पडून राहते. समारंभस्थळी पाकीट उघडताच पुरेशी ऊब मिळाली तर ते उडते. दिवस थंड वा पावसाळी असला, तर ते पाहुण्यांच्या पायांशी पडून राहते. काही पाकिटांतून मृत फुलपाखरे निघतात.

सजीव प्राण्यास काही क्षणांच्या शोभेसाठी पाकिटात बंद करावे काय, हा पहिला आक्षेप. वैज्ञानिकांचा आक्षेप मात्र याहून गंभीर आहे. ओफ्रिओसिस्टिस इलेक्ट्रोसिरा हा एकपेशीय परजीवी मोनार्कच्या शरीरात वाढतो. बाधित मादीच्या अंगावरील बीजाणू अंड्यांवर व मिल्कवीडच्या पानांवर पडतात, सुरवंट ते खातो आणि रोग पुढच्या पिढीत जातो. तीव्र बाधा झालेले फुलपाखरू कोशातून नीट बाहेर पडू शकत नाही किंवा त्याचे पंख चुरगळलेले राहतात. दाटीवाटीने केलेल्या पैदाशीत हा संसर्ग सहज फैलावतो. स्वच्छता कसोशीने न पाळणाऱ्या केंद्रातून तो रानातील फुलपाखरांपर्यंत पोहोचण्याचा धोका राहतो.

दुसरा धोका स्थलांतराचा. रॉकी पर्वतांच्या पूर्वेकडील मोनार्क हिवाळ्यासाठी हजारो किलोमीटर उडत मध्य मेक्सिकोतील डोंगराळ वनांत जातात. पश्चिमेकडील बहुतेक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत थांबतात. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, व्यावसायिक केंद्रातून आणलेल्या मोनार्कच्या संततीने शरद ऋतूत दक्षिणेची दिशा धरली नाही, असे दिसून आले. त्यांची जनुकीय घडणही रानातील फुलपाखरांहून भिन्न आढळली. मात्र बंदिस्त वाढविलेले प्रत्येक मोनार्क दिशाहीन होते, असे म्हणता येत नाही. कॅनडात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, रानातील वंशाची पण माणसाने वाढविलेली फुलपाखरे मोकळी सोडल्यावर बहुतांशी योग्य दिशेने गेली. भलत्याच प्रदेशात वा ऋतूत सोडलेल्या फुलपाखरांमुळे नैसर्गिक वावराच्या नोंदी मात्र दूषित होतात, हे अभ्यासकांचे गाऱ्हाणे रास्तच आहे.

फुलपाखरू निरीक्षकांच्या 'नॉर्थ अमेरिकन बटरफ्लाय असोसिएशन' या संस्थेने या प्रथेस विरोध केला आहे. २०१५ मध्ये मोनार्कच्या अनेक अभ्यासकांनी व संवर्धन संस्थांनी, मोठ्या प्रमाणावर पैदास करून मोनार्क सोडू नयेत, असे संयुक्त निवेदनाद्वारे सुचविले. उलटपक्षी, आपण रोगतपासणी करतो आणि फुलपाखरांमुळे लोकांना निसर्गाची ओढ लागते, असा पैदासकारांचा दावा आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ती ओढ अंगणात मिल्कवीड लावूनही निर्माण होते, आणि त्यासाठी कुरियरची गरज पडत नाही.

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जिवंत फुलपाखरे पाठविण्यास केंद्रीय कृषी विभागाचा परवाना लागतो. अनुमती ठराविक जातींनाच मिळते, आणि उत्तर अमेरिकेच्या मुख्य जलविभाजक रेषेपलीकडे मोनार्क पाठविता येत नाहीत. स्थलांतर करणाऱ्या मोनार्कला आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२२ मध्ये संकटग्रस्त ठरविले. २०२३ मध्ये ही वर्गवारी एक पायरी खाली, असुरक्षित गटात, आणण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने मोनार्कला धोक्यातील जाती म्हणून कायदेशीर संरक्षण देण्याचा प्रस्ताव मांडला.