लहानात लहान वाटा

वाटणी करणे फारसे अवघड नसते. अवघड असते ते लहानात लहान वाटा केवढा असावा हे ठरवणे. भाऊबंदकीशी ज्यांची ओळख आहे त्यांना हे सांगायला नको. शेत चार भावांत वाटले, मग त्यांच्या मुलांत पुन्हा वाटले, की शेवटी नांगर वळवायलाही जागा उरत नाही. म्हणून तर १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा झाला. पण हेच किमान माप फार मोठे धरले, तर गरिबाच्या वाट्याला काहीच यायचे नाही! नेमका हाच पेच आपल्या काळात एका अशा जमिनीबद्दल पडला, की जी डोळ्यांना दिसत नाही. ती जमीन म्हणजे इंटरनेटवरील पत्ते.

दिवाळीच्या सकाळी सातासमुद्रापलीकडच्या लेकीचा चेहरा आपण हातातल्या फोनवर पाहतो. ते चित्र वाटेत कुठे हरवत नाही, कारण इंटरनेटवरच्या मुक्कामांना आकड्यांचे पत्ते असतात. १९८१ साली ठरलेल्या नियमांप्रमाणे या पत्त्यात चार आकडे, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला. गुणाकार करून पाहा : एकूण पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६. त्या काळी संगणकच मुळी मोजके होते. तेव्हा एवढी पुंजी संपेल कशी, असेच पुष्कळांना वाटले असल्यास नवल नाही.

या पत्त्यांची वही कॅलिफोर्नियातील जॉन पोस्टेल नावाचे एक दाढीवाले विद्वान सांभाळीत. वाटपाची मापे तीनच होती. मोठे माप १,६७,७७,२१६ पत्त्यांचे, मधले ६५,५३६ चे आणि लहान २५६ चे. ज्याला पाचशे पत्ते हवेत त्याला लहान माप अपुरे पडे आणि मधले घ्यावे तर बाकीचे वाया जात. मोठी मापे अमेरिकेतील काही विद्यापीठांना आणि कंपन्यांना सहज मिळून गेली. एमआयटी या एका संस्थेकडे पावणेदोन कोटींच्या आसपास पत्ते होते! स्टॅनफर्ड विद्यापीठाने मात्र आपले मोठे माप २००० साली परत केले, हेही नमूद केले पाहिजे.

१९९३ साली ही तीन मापे मोडली आणि हवा तेवढा तुकडा पाडण्याची सोय झाली. तरीही अडचण सरली नाही. टपाल कचेरीत पत्रांची छाननी करणारा कारकून डोळ्यांसमोर आणा. 'रत्नागिरी जिल्हा' एवढी एकच नोंद त्याच्याजवळ असली की काम झटपट होते. प्रत्येक वाडीची निराळी नोंद ठेवायची म्हटले, तर बिचाऱ्याची यादी छताला लागेल! इंटरनेटवर हे छाननीचे काम राउटर नावाची यंत्रे करतात, आणि पत्त्यांचे तुकडे जितके बारीक, तितकी त्यांची यादी लांब. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील स्प्रिंट या बड्या कंपनीने सांगून टाकले, की नव्या पत्त्यांपैकी ८,१९२ हून लहान तुकड्यांची नोंद आम्ही घेणार नाही. पत्ते वाटणाऱ्या संस्थांचे किमान मापही तेवढेच होते.

आता लहान माणसाची दशा पाहा. तालुक्याच्या गावी दोनतीनशे घरांना इंटरनेट पुरवणाऱ्याने आठ हजार पत्त्यांची गरज दाखवायची कशी? तो बड्या कंपनीचा भाडेकरू होई. पत्ते तिचे, हा फक्त वापरणारा. कंपनी सोडायची तर एकूण एक पत्ता बदलणे आले. ८,१९२ हा आकडा दिसायला निरुपद्रवी. पण मालक कोण आणि कूळ कोण, हे तोच ठरवीत होता.

आणि हा आकडा ठरवी कोण? कोणतेही सरकार नव्हे. जगाचे पाच भाग करून त्यांच्यासाठी पाच संस्था निघाल्या. आशिया आणि प्रशांत महासागराकडील देशांची संस्था एपनिक. ती १९९३ साली टोकियोत सुरू झाली आणि पुढे ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनला गेली. तिचे नियम भरसभेत ठरतात. प्रस्ताव कोणीही मांडावा. त्यासाठी सभासद असण्याचीही अट नाही. तिथे नुसती डोकी मोजत नाहीत. आक्षेपांना उत्तरे मिळाली का, हे पाहून सर्वांची साधारण संमती आहे की नाही ते अध्यक्ष ठरवतात. गावकीच म्हणा ना! अशा सभांतून किमान माप उतरत गेले : ८,१९२ वरून ४,०९६, २००४ साली २,०४८, आणि पुढे १,०२४.

खरी कसोटी लागली ती पुंजी संपत आली तेव्हा. 'गरज दाखवा आणि न्या' हा तोवरचा नियम. तोच ठेवला असता तर बड्या कंपन्यांनी शेवटचा दाणाही खरी गरज दाखवूनच नेला असता. २००८ साली न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चच्या सभेत एक प्रस्ताव आला, आणि पुढे तो मान्य झाला : शेवटचा मोठा गठ्ठा राखून ठेवावा, आणि सभासद थोर असो की लहान, प्रत्येकाला त्यातून एकच किमान वाटा, म्हणजे १,०२४ पत्ते द्यावेत. हिशेब केला तर एका गठ्ठ्यातून असे १६,३८४ वाटे निघतात. बसलेल्या पंगतीने अजून न आलेल्या पाहुण्यांसाठी पाने राखली, ती अशी!

३ फेब्रुवारी २०११ रोजी मायामीत मध्यवर्ती कोठारातले शेवटचे पाच गठ्ठे पाच संस्थांना दिले गेले. एपनिकच्या वाट्याला १०३ ने सुरू होणारा गठ्ठा आला, आणि त्याच वर्षीच्या १५ एप्रिलपासून राखीव वाट्याचा नियम लागू झाला. सामान्य भारतीयाला इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. म्हणजे या पंगतीला आपण उशिराच पोचलो. २०१२ साली भारताची स्वतःची पत्ते-नोंदणी सुरू झाली. आज आपल्याकडील कितीतरी लहान इंटरनेटवाल्यांचे पत्ते १०३ नेच सुरू होतात. राखून ठेवलेले पान ते हेच.

२०१९ साली तो वाटा ५१२ वर आला. याहून फार खाली जायला वाव नाही, कारण २५६ हून लहान तुकड्याची नोंद राउटरवाले सहसा घेतच नाहीत. १९९४ च्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेली ती यादी आता दहा लाखांच्या घरात गेली आहे. लहानांना जागा दिल्याची किंमत सगळ्यांनी मिळून मोजली, असे म्हणायला हरकत नाही. नव्या पद्धतीचे पत्ते तर इतके विपुल आहेत, की त्यांतील किमान वाट्याची संख्याच एकोणतीस अंकी भरते! पण पूर्वी चार अब्जांची पुंजीही अक्षय्यच भासली होती. विपुलतेच्या दिवसांत वाटणीचा विचार कोणाला सुचत नाही. आणि टंचाईच्या दिवसांत तो सुचला, तरी मागून येणाऱ्यासाठी हात आखडता घेणारे थोडेच. ख्राइस्टचर्चच्या त्या सभेत असे काही लोक होते, म्हणून त्यांची आठवण ठेवायची.