मुदतवाढ

बाबासाहेबांच्या शिक्षणाची गोष्ट आपल्याकडं भाषणात कशी सांगतात? बोटीत बसले, अमेरिकेला गेले, डिग्र्यांवर डिग्र्या घेऊन आले. टाळ्या. मधे मुदत संपली होती, हे कुणी सांगत नाही. शिकणारा माणूस अर्ध्या अभ्यासातनं उठवला गेला, आणि तीन वर्षं हातात एक तारीख धरून बसला, हे तर नाहीच. मला ही तारीख त्या डिग्र्यांपेक्षा मोठी वाटते.

सुरुवातीपासून बघा. ४ जून १९१३ ला बडोद्यात करारावर सही झाली. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी. तेव्हा अमेरिकेत शिकायला जाणाऱ्याला आजच्यासारखा विद्यार्थी-व्हिसा लागत नव्हता. खरा परवाना म्हणजे हा करारच. तो चालू तोवर कोलंबियाचं दार उघडं. तो सरला की पोट बंद, फी बंद, परतीची बोट.

गड्यानं तीन वर्षांत काय काय उरकलं! १९१५ ला एम. ए. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझरांच्या वर्गात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जून १९१६ मध्ये तीन वर्षं भरली, पण हा माणूस थांबायला तयार नाही. लंडन गाठलं. ऑक्टोबरात ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी. बडोद्यानं पैसा आणखी वर्षभर चालू ठेवला. मग १९१७ ला दिवाणाकडून कळवणं आलं : मुदत संपली, परत या.

अर्धा प्रबंध टेबलावर ठेवून उठायचं म्हणजे काय, ते गिरणीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. आई आजारी पडली तेव्हा चार दिवसांच्या रजेचे आठ झाले. परत आलो तर माझ्या साच्यावर दुसराच उभा, आणि मी गेटवर बदलीवाल्यांच्या रांगेत. रजा वाढवून देणं न देणं ज्याच्या हातात असतं, तोच खरा मालक.

पण इथं बाबासाहेबांनी एक गोष्ट केली, ती पोरांनी वहीत लिहून ठेवावी. मुकाट्यानं बोटीत बसले नाहीत. प्रोफेसर एडविन कॅनन यांच्या मदतीनं लंडन विद्यापीठाकडून लेखी परवानगी घेतली : ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढं चालू करता येईल. पैसे वाढवून मिळाले नाहीत, दार तेवढं किलकिलं ठेवून घेतलं. आणि ते कागदावर.

परतीचा काळ महायुद्धाचा. पुस्तकं-सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं होतं, ती बोट टॉर्पेडोनं बुडाली. स्वतः २१ ऑगस्ट १९१७ ला मुंबईत उतरले.

बडोद्याचं पुढचं आपल्याला पाठ आहे, तरी एक सांगतो. राहायला जागा नाही म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून दीड रुपया रोजानं राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही टाळलं. रात्रीच्या गाडीपर्यंत कामाठी बागेत बसून काढलं. कोलंबियाचा एम. ए. आणि गावात टेकायला एक खोली नाही. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या लिखाणाचं नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. आपल्याच देशात आपण परवान्याची वाट बघतोय, असं ते नाव सांगतं. असं नाव सुचायला ते भोगावं लागतं.

आता हिशेब मांडू. चार वर्षं म्हणजे ऑक्टोबर १९२१. तोवर पैसा उभा करायचा. परळच्या बी. आय. टी. चाळीत संसार, तो ओढणारी रमाई. खाजगी शिकवण्या. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरी, ४५० रुपये पगार. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो कमिटीपुढं साक्ष, ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’. एवढ्या धामधुमीत पगारातनं पैसा बाजूला पडत होता. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. साठवलेलं होतं ते, नवल भथेना या पारशी मित्राचे उसने ५,००० रुपये, आणि शाहू महाराजांचा हात. (पारशांनी हाकललं, पारशानंच उसने दिले. इतिहास एका रंगाचा नसतो.) जुलैत बोट धरली. सप्टेंबर संपता संपता लंडन स्कूलमध्ये हजर. मुदतीतलं एक वर्ष शिल्लक ठेवून.

१९२१ ला एम. एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहायला लावला आणि इकडं पैसा संपला. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला आले, दुरुस्त करून इथनंच पाठवला, त्याच वर्षी डी. एस्सी. कोलंबियाची पीएच. डी. तर १९२७ ला हातात पडली, कारण प्रबंध छापून द्यायचा नियम होता आणि तो पुस्तकरूपानं निघाला १९२५ ला.

आज आपली पोरं-पोरी लंडन, टोरांटोला जातात. केंद्राची शिष्यवृत्ती आहे, राज्याची शाहू महाराजांच्या नावाची आहे. पण मुदतीचं भूत तेच. पीएच. डी. लांबते, शिष्यवृत्तीचा हप्ता रखडतो, आणि परवाना वाढवायला गेलं की विद्यापीठाचं पत्र आणा, पैशाचा पुरावा आणा. कॅनडात तरी एक बरं : जुना परवाना संपण्याआधी अर्ज पडला असेल तर निकाल लागेपर्यंत जुन्याच अटींवर शिकता येतं. एक दिवस उशीर झाला तर ही सवलत गेली. म्हणून तारीख भिंतीवर लिहा.

आणि आणखी एक. २०२२ साली केंद्रानं आपल्या परदेशी शिष्यवृत्तीसाठी नियम काढला : भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज हे विषय परदेशात शिकायला पैसे मिळणार नाहीत. मे १९१६ चा तो निबंध कशावर होता, ते वर लिहिलंच आहे. बडोद्याच्या राजानं दिवाणाकरवी मुदत संपवली, पण त्याच्या पैशावर न्यूयॉर्कात तो निबंध वाचला गेला, आणि विषय नको असं कुणी म्हणालं नव्हतं.