उभ्या गाडीचे चाक धडधडते तेव्हा...
जुन्या मोटारीच्या टायरमधील कंपनाची कारणे, तपासणी आणि उपाय

वडिलांनी हौसेने घेतलेली प्रीमिअर पद्मिनी सोसायटीच्या आवारात कव्हराखाली वर्षानुवर्षे उभी असते. एखाद्या दसऱ्याला तिला पुन्हा रस्त्यावर आणण्याचे घरात ठरते. नवी बॅटरी बसते, टाकीतले शिळे पेट्रोल उपसून ताजे भरले जाते, कार्बोरेटर साफ होतो आणि चार-सहा प्रयत्नांनंतर इंजिनही सुरू होते. मात्र गाडी फाटकाबाहेर पडताच ताशी ३० किलोमीटर वेगालाच स्टिअरिंग थरथरू लागते आणि चाकाखालून ठराविक लयीत धडधड ऐकू येते. अशा वेळी 'जरा लांबवर पळवून आणा, टायर आपोआप गोल होतील', असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि त्यातील उरलेला अर्धा भाग जिवावर बेतू शकतो.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी मुंबईकरांच्या परिचयाची ती प्रामुख्याने काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. अशी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदवली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी इतिहासजमा झाल्या. खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी, फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर मात्र आजही आहेत. त्यांतील बहुतेक गाड्या चालण्यापेक्षा उभ्याच अधिक असतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली. अशी नोंदणी घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. साहजिकच टायर सपाट होण्याचा प्रश्न अशा गाड्यांना अधिक भेडसावतो.

टायर सपाट का होतो?

उभ्या गाडीचा सारा भार प्रत्येक टायरच्या तळहाताएवढ्या भागावर येतो. तेथील रबर आणि आतील धाग्यांचे थर दबलेल्या स्थितीत राहतात. जुन्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या क्रॉस-प्लाय टायरमध्ये सहसा नायलॉनचे धागे असतात. नायलॉन उष्णतेने सैलावते आणि थंड होताना ज्या आकारात असेल तो आकार धरून ठेवते. त्यामुळे दूरचा प्रवास करून आलेली गाडी तापलेल्या टायरवर तशीच उभी केली, तर सपाटपणा लवकर बसतो. त्यात महिनोन्महिने हवा कमी होत गेली की दबलेला भाग आणखी रुंदावतो. रेडियल टायरही यातून पूर्णपणे सुटत नाहीत.

पद्मिनीच्या ५.२०-१४ मापाच्या टायरचा परीघ साधारण १.९ मीटर असतो. म्हणजेच ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे ९ फेऱ्या मारते. प्रत्येक फेरीत तो सपाट भाग एकदा जमिनीवर आपटतो आणि तो दणका सस्पेन्शनमार्गे स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो.

आधी वय, मग धाव

थोड्या काळात आलेला सपाटपणा टायर चालून गरम झाला की निघून जातो, हे खरे. परंतु म्हातारा झालेला टायर गरम करणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. रबर काळाच्या ओघात कडक होते, हवेतील ओझोनमुळे त्याला बारीक भेगा पडतात आणि आतील थरांची एकमेकांवरील पकड सुटते. उष्णता व वेग वाढताच असा टायर सोलवटतो किंवा फुटतो. नक्षी भरपूर शिल्लक असल्याने मालकाची फसगत होते. कमी चाललेल्या गाडीचा टायर झिजत नाही, तो फक्त वयाने संपतो.

म्हणून गाडी हलवण्यापूर्वी टायरची बाजू तपासावी. सन २००० पासून बनलेल्या टायरवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत दिलेले असते. '३५१८' म्हणजे २०१८ सालचा ३५ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर त्याआधीचा आहे, तो सरळ काढून टाकावा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदल, असा सल्ला अनेक टायर कंपन्या देतात. भेगा, फुगवटा किंवा उघडे पडलेले धागे दिसले तर वय मोजत बसू नये. डिकीतील जादा चाकालाही हाच नियम लागू आहे.

पहिली फेरी

टायर वयात बसत असतील, तर गाडीच्या पुस्तिकेनुसार हवा भरावी आणि ती दुसऱ्या दिवशी टिकली आहे का, ते पाहावे. ट्यूबच्या व्हॉल्व्हचे रबर तडकलेले नसावे. दीर्घकाळ उभ्या गाडीचे ब्रेक तपासल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये, कारण ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि ड्रमला गंज चढतो. नोंदणी व विमा चालू असल्याचीही खात्री करून घ्यावी. त्यानंतर कमी वर्दळीच्या रस्त्यावर ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने २० ते ३० किलोमीटर गाडी चालवावी. द्रुतगती महामार्ग हे या प्रयोगाचे ठिकाण नव्हे. कंपन हळूहळू कमी होत गेले, तर सपाटपणा तात्पुरता होता असे समजावे. दोन-तीन फेऱ्यांनंतरही धडधड तशीच राहिली, तर टायरने तो आकार कायमचा धरला आहे. कंपन वाढत गेले किंवा जळक्या रबराचा वास आला, तर तत्काळ थांबावे.

दोष टायरचाच आहे का?

प्रत्येक थरथर टायरमुळे होत नाही. सपाट टायरची धडधड कमी वेगातही जाणवते आणि वेगाबरोबर तिची लय जलद होते. ताशी ६० ते ८० च्या दरम्यान सुरू होऊन पुढे कमी होणारे कंपन बहुधा चाकाच्या बिघडलेल्या बॅलन्सिंगचे असते. स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढील चाके आणि आसन थरथरत असेल तर मागील चाके संशयित धरावीत. ब्रेक दाबल्यावरच पेडलला धक्के बसत असतील, तर गंजलेले किंवा वेडेवाकडे झालेले ड्रम पाहावेत. वेग घेतानाच गाडी हादरत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे सांधे तपासावेत. मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडल्यावरही कंपन कायम राहिले, तर इंजिनाला दोष देण्याचे कारण नाही.

घरच्या घरी करता येण्याजोगी आणखी एक तपासणी आहे. सपाट जागेवर इतर चाकांना अडण लावून एक चाक जॅकने उचलावे आणि गाडीखाली भक्कम स्टँड द्यावा. टायरच्या नक्षीजवळ विटेवर टेकवलेला खडू धरून चाक हाताने सावकाश फिरवावे. खडू आणि टायर यांतील फट एका जागी एकदम वाढली, तर तोच सपाट भाग. रिमच्या कडेजवळ खडू धरला तर वाकलेली रिमही ओळखता येते. चाक फिरताना खरखर जाणवली, तर बेअरिंगमधील ग्रीस सुकले आहे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावून पाहणे, हाही सोपा उपाय आहे. थरथर स्टिअरिंगवरून आसनाखाली सरकली, तर दोष चाकातच आहे.

नवे टायर घेताना

कायमचा सपाट झालेला टायर बॅलन्सिंगचे शिसे लावून गोल होत नाही. तो बदलणे हाच इलाज. नव्या टायरबरोबर योग्य मापाची नवी ट्यूब घ्यावी आणि दुकानात पडून राहिलेला जुना माल तर नाही ना, हे तारखेवरून पाहावे. एकाच अ‍ॅक्सलवर एक रेडियल आणि एक क्रॉस-प्लाय असे कधीही बसवू नयेत. खर्चामुळे दोनच रेडियल घ्यायचे असतील, तर ते मागे बसवावेत, अन्यथा वळणावर गाडीची मागची बाजू घसरण्याचा धोका असतो. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

पुन्हा उभी करताना

महिन्याहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल, तर टायरमधील हवा थोडी वाढवावी, मात्र टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. दर पंधरवड्याला गाडी पाव फेरीएवढी तरी पुढे-मागे सरकवावी. अनेक महिन्यांचा मुक्काम असेल, तर चारही चाके स्टँडवर उचलून ठेवणे उत्तम. हँडब्रेक ओढून ठेवल्यास त्याचे लायनर ड्रमला चिकटतात, म्हणून गिअर टाकून चाकांना अडण लावावी. टायरवर थेट ऊन पडू देऊ नये. गाडी वापरात आणताना हवा पुन्हा पुस्तिकेप्रमाणे करावी.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने नव्या गाड्यांच्या मालकांनाही हा धडा दिला. जुन्या गाडीच्या बाबतीत तो अधिक कडक आहे. त्या गाडीच्या स्टिअरिंगवर वडिलांच्या हातांच्या खुणा असतील, पण तिच्यावर बसवलेल्या टायरबाबत भावनेला जागा नाही. गाडी जपायची असेल, तर टायर वेळेवर टाकून देता आले पाहिजेत.